आमच्या नळातलं तळं

पावसाळ्यात सकाळचा पेपर आला की बाबा आधी एक आकडा मोठ्यानं वाचायचे. ‘राकसकोप 2468.’ दोन दिवसांनी ‘2471 झालं.’ जोराचा पाऊस लागला की आम्ही भावंडं शाळेला निघताना विचारायचो, आज किती? राकसकोप म्हणजे बेळगावला पाणी देणारं धरणाचं तळं. 2475 फूट म्हणजे ते काठोकाठ. त्या दिवशी आई देवापुढं साखर ठेवायची. हा आकडा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आहे, मीटरमध्ये सुमारे 754, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. तोवर मला वाटायचं, पाणी खरंच तेवढं खोल आहे.

बेळगावात शहापूरला आमचं घर. नळाला पाणी कधी चार दिवसांनी, कधी आठ. 2008 साली शहरातल्या 10 वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, त्यात आमची गल्ली नव्हती. त्यामुळं घरात जितकी पातेली तितकं पाणी भरून ठेवायची सवय, ती पुण्यात येऊन वीस वर्षं झाली तरी माझी सुटलेली नाही.

हे सगळं पाणी ज्या तळ्यातून येतं, त्याच्या पलीकडच्या अंगाला आईचं माहेर, तुडये. सुट्टीत आम्ही तिथं जायचो, पण पाण्याकडं जायला बंदी. काठ घसरडा, मुलं शहरातली, पोहायला येत नाही. मामा दारातूनच ओरडायचा. त्यामुळं ज्याचं पाणी प्यायलो त्या तळ्याच्या काठानं मी एकदाही चालले नव्हते. आईसुद्धा लग्नानंतर नाही. गणपतीत ती फोनवर म्हणाली, ‘गुडघे हायत तोवर एकदा काठानं चालायचंय गं मला.’ दिवाळीनंतरच्या आठवड्यात जायचं, तेव्हाच ठरलं.

पहिला दिवस, शुक्रवार

पुण्याहून पहाटे पाचला निघालो. मी, हे, थोरली आणि धाकटा. साताऱ्यात नाष्टा, कोल्हापूर बाहेरूनच. निपाणीनंतर घाटाची झुळूक लागली आणि काच खाली केली. काकतीजवळ महामार्गावरून मार्कंडेय नदी ओलांडताना मी मुलांना मागे वळून बघायला लावलं. उद्या जे तळं बघायचं, ते या नदीवर. ‘एवढीशी?’ धाकटा म्हणाला. कार्तिकातली मार्कंडेय दिसते तशीच दिसली, वाळलेल्या गवतातून हळू चाललेली.

दुपारी घरी जेवून पडलो. संध्याकाळी बाबा नातवंडांना टिळकवाडीत काँग्रेस विहिरीकडं घेऊन गेले, मी पण गेले. गांधीजी ज्या एकाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते 1924 चं बेळगावचं, आणि तिथं जमणाऱ्या हजारो माणसांना पाणी पुरावं म्हणून ही विहीर खोदली होती. तेव्हा तिला नाव दिलं होतं पंपा सरोवर, अधिवेशनाच्या जागेला विजयनगर. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळ्याची धुरा वाहिली. बाबांचा आवाज हे सांगताना नेहमी थोडा चढतो. ‘माणसं बोलवायच्या आधी पाण्याची सोय केली,’ ते म्हणाले, ‘हे ध्यानात ठेवा.’ थोरली कठड्यावरून वाकून खाली बघत राहिली. तिला दांडी यात्रा पाठ आहे, पण विहिरीचं कुणी सांगितलं नव्हतं.

येताना खडेबाजारातून मामाकडं न्यायला कुंदा घेतला. रात्री आईनं कपाटातून आपली जुनी काठापदराची साडी काढली, परत ठेवली, आणि चालायला सोपी म्हणून साधी सुती काढली. झोपायच्या आधी दोनदा गजर तपासला.

दुसरा दिवस, शनिवार

सहाला निघालो. गणेशपूर, बेनकनहळ्ळी, बेळगुंदी, मग राकसकोप. शहरापासून 16-17 किलोमीटर. बेळगुंदीच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबडी माती आणि काजूची झाडं. कार्तिकी एकादशी तोंडावर आलेली, त्यामुळं रताळ्यांची काढणी जोरात होती. शेताच्या कडेला ढीग, बायका माती झटकून पोत्यात भरतायत. उपासाला पुण्यात आपण जी रताळी घेतो त्यांतली कितीतरी याच पट्ट्यातली. आईनं गाडी थांबवायला लावली आणि एका बाईशी पाच मिनिटं बोलत उभी राहिली. परत आली तेव्हा पदरात चार रताळी. पैसे घेतले नाहीत म्हणाली.

गाडीत बाबांनी मुलांना पाण्याचा प्रवास सांगितला. राकसकोपचं पाणी आधी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनला जातं, तिथून लक्ष्मी टेकला, तिथं ते शुद्ध होतं, मग शहरात. हिंडलग्यात वीज गेली की आमच्या नळाला पाणी नाही. शहर वाढलं तसं राकसकोप पुरेना, म्हणून हिडकलच्या धरणातून घटप्रभा नदीचं पाणी आणलं. हिडकलचा साठा 51 टीएमसी, म्हणजे 51 अब्ज घनफूट, राकसकोप त्याच्यापुढं वाटीएवढं. पण उंचावर आहे, डोंगरात आहे, दोन-तीन आठवडे धुवाधार पाऊस लागला की भरून जातं. जुनी बेळगावची माणसं अजूनही पाण्याचा अंदाज राकसकोपवरच बांधतात.

बांधाच्या भिंतीवर आणि पंपाकडं जाता येत नाही. शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिथं कुणी न गेलेलंच बरं, आणि आम्हीही तिकडं वळलो नाही. राकसकोप गावातून एक बैलगाडीची वाट डोंगराच्या पोटाशी जाते, ती धरली. बाबांना चढ-उतार झेपत नाही, म्हणून हे त्यांना घेऊन गाडीनं तुडयेला गेले. आम्ही चौघं, म्हणजे आई, मी आणि मुलं, चालत. अख्खा वेढा एका दिवसात होत नाही. पाण्याचे फाटे डोंगरांत आत आत शिरलेत. आम्ही घातला तो तळ्याच्या एका अंगाचा, साधारण 8 किलोमीटरचा.

पहिली दहा मिनिटं तळं दिसलंच नाही. धुकं. नुसता पाण्याचा वास आणि कुठंतरी बगळ्यांचा आवाज. मग एका वळणावर ऊन आलं आणि धुकं वर उचललं गेलं, आधी पाण्याची एक पट्टी, मग समोरचा डोंगर, मग त्याचं पाण्यात उलटं पडलेलं झाड न् झाड. धाकटा बोलायचा थांबला. तो थांबतो असं फारसं होत नाही.

तळं काठोकाठ नव्हतं, हातभर उतरलेलं. उतरलेल्या पाण्यानं काठाच्या तांबड्या मातीवर एकाखाली एक रेघा सोडल्या होत्या, जात्याच्या टाक्यांसारख्या. वाटेच्या वरच्या अंगाला कुरडूचे गुलाबी तुरे, सोनकीची शेवटची फुलं, गवत पिवळं पडायला लागलेलं. एका उभ्या वठलेल्या झाडावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. थोरलीनं विचारलं, तो असा का बसलाय? आई म्हणाली, ‘साडी वाळत घातलीय त्यानं.’ खरंच आहे, पाणकावळ्याचे पंख बदकासारखे कोरडे राहत नाहीत, बुडी मारून आल्यावर त्याला ते वाळवावेच लागतात.

राकस म्हणजे राक्षस. आईनं तिच्या आजीकडून ऐकलेली राक्षसाची गोष्ट मुलांना सांगितली, चालत चालत, मधे थांबून, डोंगराकडं बोट दाखवून. ती गोष्ट मी इथं लिहीत नाही. तिच्या बोलीतून काढली तर तिच्यात काही राहत नाही.

पहिल्या ओढ्याशी आईला हात धरून दगडांवरून उतरवलं. दुसऱ्या ओढ्याला ती माझ्या आधी पलीकडं. बेळगावात जिना उतरताना कठडा धरणारी बाई इथं पाय कुठं ठेवायचा हे न बघता चालत होती. काजूच्या झाडांखालून, भाताच्या खाचरांच्या बांधावरून. पिकून वाकलेलं भात, त्यावर दव, आणि मधे गव्यांनी तुडवलेला मोठा पट्टा. शेतात लाकडाचा माळा उभा होता, रात्री राखणीला बसायला. तिथं भेटलेले एक काका म्हणाले, ‘चार रात्री झोप न्हाई बघा. आठवड्यात कापून काढलं तर आमचं, न्हाईतर त्यांचं.’ पाठीवर घोंगडं, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. आईनं त्यांना कुणाचे कोण ते विचारलं आणि तिसऱ्या प्रश्नाला नातं निघालं. मग आम्हाला पुढं सोडायला त्यांना बराच वेळ लागला.

त्यांच्याच शेतापाशी कुठंतरी कर्नाटक संपतं आणि महाराष्ट्र सुरू होतो. काका म्हणाले, ‘त्या आंब्याच्या पल्याड चंदगड तालुका.’ मुलं एक पाय इकडं आणि एक तिकडं ठेवून उभी राहिली, फोटो काढला. पुढच्या गावात पाट्यांवरचं कानडी जाऊन मराठी आलं, एसटी लाल झाली. बाकी माती तीच, पीक तेच, बोली तीच. ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणणारी. ‘येतो म्हटला, खरं आला न्हाई.’ पुण्यात मी हे बोलले की लोक मला विचारतात, काय खरं? या काठावर कुणी विचारत नाही.

मग एक टेपाड चढून आलो आणि आई थांबली.

खाली तळ्याचा एक रुंद फाटा डोंगरांत शिरला होता. पाणी शांत. आई बराच वेळ इकडंतिकडं बघत राहिली. काहीतरी जुळवत होती. मग समोरच्या दोन टेकड्यांमधल्या खिंडीकडं हात केला. ‘ती खिंड. तिच्या सरळ खाली यायचं. तिथं एक जांभूळ होतं. जांभळाच्या अंगाला आपली मळी.’

हात पाण्याच्या मधोमध होता.

धरण झालं 1962 साली. आई तेव्हा नऊ-दहा वर्षांची. नदीकाठची मळी म्हणजे सगळ्यात चांगली जमीन, काळसर, ओल धरणारी. वर माळावर एक पीक, मळीत भात काढून परत कडधान्य. आजोबांची चार खाचरं होती. आईला आठवतं ते असं: त्या वर्षी लावण केली नाही. पोरांना कळेना, पाऊस आला, सगळ्या गावाची लावण चाललीय, आणि आपले वडील ओसरीवर का बसलेत. मग एक दिवस ते तिला खांद्यावर घेऊन या टेपाडावर आले. पाणी चढत होतं. जांभळाच्या बुंध्याला लागलं होतं. ‘काहीच बोलले नाहीत,’ आई म्हणाली. ‘मला वाटलं, मजा दाखवायला आणलंय. मी टाळ्या वाजवल्या.’

हे तिनं मला आजवर सांगितलं नव्हतं. मामानं नाही, आजीनंही नाही. मोबदला मिळाला, त्यात वर माळाची थोडी जमीन घेतली, एवढं आमच्या कानावर होतं. टाळ्यांचं नव्हतं.

थोरलीनं तिचा हात धरला. धाकट्यानं विचारलं, ‘आजी, मग तुमचं शेत अजून आहे तिथं खाली?’

‘हाय की. ज्या वर्षी पाऊस लांबतो त्या वर्षी बांध वर दिसतात. तुझा मामाआजोबा बघून येतो.’

मला आठवलं ते बाबांचं पेपर वाचणं. 2475 झालं की साखर ठेवणारी आई. तिच्यासाठी तो आकडा वाढणं म्हणजे नळाला पाणी येणं होतं, आणि त्याच आकड्याखाली जांभूळ होतं. साखर ठेवताना ती काय मनात आणायची, ते मी तिथं टेपाडावर तिला विचारलं. ती म्हणाली, ‘तुम्ही चौघं पोरं होता घरात. पाणी लागायचंच.’ आणि उतरायला लागली.

तुडयेला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मामा वेशीपर्यंत आला होता. ‘आलीस काय आक्का? दमलीस?’ आई म्हणाली, ‘न्हाई रे.’ मामी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. ‘वन्सं, पाय धुवा की आधी.’ बाबा ओसरीवर आधीच चहा पिऊन बसलेले.

जेवणाबद्दल मला सावकाश लिहायचंय, कारण असं जेवण मी फार वर्षांनी जेवले. चुलीवर तांदळाची भाकरी, पातळ, पापुद्रा सुटलेली, आणि ज्यांना हवी त्यांना नाचण्याची. तळ्यातल्या माशांचं कालवण, मामानं पहाटे आणलेले मासे, ओल्या नारळाचं वाटण, त्यात आमसूल. ज्यांना मासे नको त्यांना काळ्या वाटाण्याची आमटी. काकडीची कोशिंबीर, लाल मिरचीचा ठेचा, आणि भात. भात इंद्रायणीचा, जुना, पण शिजताना त्याचा वास अंगणापर्यंत आलेला. मामी तो पेज न काढता शिजवते. तांदूळ चांगला असला की पेज टाकायची नसते असं तिचं म्हणणं. आईनं वाटेत मिळालेली चार रताळी चुलीच्या राखेत पुरली होती, ती जेवण संपता संपता निघाली. वरची साल करपलेली, आत मधासारखी. धाकट्यानं आयुष्यात पहिल्यांदा रताळं मागून घेतलं.

मामी कुणालाही दोनदा विचारत नव्हती. ताट रिकामं दिसलं की वाढत होती. ह्यांनी हात आडवा धरला तर ती म्हणाली, ‘जावईबापू, चालून आलेत ते जेवतात, तुम्ही गाडीतनं आलात म्हणून कमी जेवायचं काय?’ आणि आणखी एक भाकरी.

जेवणानंतर मामा आणि आई ओसरीवर बसून जांभळाचं बोलले. मामा धरणाच्या वेळी चार वर्षांचा, त्याला झाड आठवत नाही, पण पाणी उतरतं तेव्हा त्याचा बुंधा कुठं दिसतो ते त्याला माहीत आहे. आईला झाड आठवतं, पण जागेची खात्री नव्हती. दोघांनी अंगणातल्या मातीत काडीनं रेघा ओढल्या: ही खिंड, हा ओढा, हा देवळाकडचा रस्ता. जुळलं. थोरलीनं त्या नकाशाचा फोटो काढला आणि मग वहीत उतरवून घेतला. मामानं चौथ्या खाचराचा बांध दोनदा पुसून सरळ केला.

संध्याकाळी परत बेळगाव. गाडीत सगळे झोपले, आई सोडून.

तिसरा दिवस, रविवार

आज कणकुंबी. बाबांची फर्माईश. जांबोटीच्या रस्त्यानं, दोन्ही बाजूंना दाट झाडी. वाटेत हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रातल्या स्वयंभू मारुतीचं दर्शन घेतलं. पावसाळ्यात हे देऊळ पाण्याखाली जातं. कणकुंबीला माउलीचं दर्शन, आणि मलप्रभेचा उगम. एक कुंड, थंड, स्वच्छ पाणी. इथून निघालेली नदी सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात साठते, हुबळी-धारवाडच्या नळाला हेच पाणी, आणि शेवटी कुडलसंगमला कृष्णेत. आमची मार्कंडेयही याच खानापूर तालुक्यातल्या बैलूरच्या डोंगरातून निघते, गोडचिनमलकीला धबधबा होऊन पडते, गोकाकजवळ घटप्रभेला मिळते, आणि घटप्रभा कृष्णेला. दोन्ही पाणी शेवटी एकच. मुलांना बाबांनी हे कुंडाच्या पायरीवर बोटानं काढून दाखवलं. थोरलीनं विचारलं, इथं कुणाची शेतं बुडाली? बाबा म्हणाले, ‘इथं नाहीत. खाली नविलुतीर्थाला बुडाली.’

रविवारचे लोक फार होते. तासाभरात निघालो.

घरी आल्यावर मामाचा फोन. सोमवारपासून कापणी. गवे रोज येतायत, माणसं कमी पडतायत. आईनं फोन ठेवला आणि पिशवी भरायला लागली. आमच्यासोबत पुण्याला यायचं ठरलेलं होतं. बाबांनी चष्म्यावरून बघितलं. ‘तुला कापणी झेपणार आहे?’

‘कापणार न्हाई. बांधावर बसून पेंढ्या बांधीन. भाकरी नेऊन देईन. लग्नाच्या आधी शेवटची सुगी बघितली मी.’

सोमवारी पहाटे आम्ही तिला तुडयेच्या गाडीत बसवलं आणि पुण्याला निघालो. बुधवारी संध्याकाळी बाबांना फोन केला. आईचं कसं चाललंय विचारलं. म्हणाले, ‘बरं आहे. अर्धं भात घरी आलंय, पिंजराची गंजी रचायला घेतलीय. सकाळी फोन आला होता तिचा, दोन मिनिटांचा.’

‘काय म्हणाली?’

‘पाणी आलं काय विचारलं. हंडा भरून ठेवा म्हणाली.’